दुसऱ्याच्या झाडाला हात लावताना

(बागनिगेचं काम घेऊ इच्छिणाऱ्या गटांसाठी प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी मजकूर इथे देत आहोत.)



आजचा विषय बागनिगेच्या धंद्याचा आहे. आंब्या-काजूच्या बागांची छाटणी, बांडगूळ काढणं, बेणणी, आळी करणं, भिरूड शोधणं, जखमांना बोर्डो पेस्ट लावणं ही कामं आपल्या काही गटांनी आता ठरवून घ्यायची असं म्हटलंय. त्याचं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. बागेचा मालक मुंबईला नाहीतर पुण्याला, घरात म्हातारी माणसं, आणि झाडावर चढणारा गडी चार वेळा बोलावलं तरी येत नाही. काम गावात आहे आणि करणारे हात गटात आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते. मी समाजकार्य शिकलेय, शेती नाही. कोयता कसा धरायचा हे इथे बसलेल्या माझ्या आईच्या वयाच्या कितीतरी जणी मला शिकवतील. तरव्याच्या भाजणीला कवळ तोडून तुमचे हात तयार झालेत. पण आपल्या गरजेला कवळ तोडणं आणि पैसे घेऊन दुसऱ्याच्या कलमाला हात लावणं, यात फरक आहे. कवळ तोडताना आपल्याला पाला हवा असतो. निगा राखताना झाड जगायला हवं असतं, आणि ते झाड आपलं नसतं.

कोणीतरी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लावलेलं, पहिली चार वर्षं उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी नेऊन जगवलेलं कलम असतं ते. आपण चुकीच्या जागी करवत चालवली तर ते दुकानातून बदलून आणता येत नाही. दुसरी गोष्ट तुम्हाला कडू लागेल, पण खरी आहे. एखाद्या गड्याने झाड बिघडवलं तर लोक म्हणतात, "तो तसाच आहे." गटाने बिघडवलं तर म्हणतील, "बायकांना झाडातलं काय कळतं?" मग त्या वाडीत दुसऱ्या गटालाही काम मिळणार नाही. म्हणजे प्रत्येक गट स्वतःचं नाव घेऊन जातो तसं सगळ्यांचंच नाव घेऊन जातो.

आपल्या गटाची पंचसूत्री सगळ्यांना तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. या पाच गोष्टींवर बँकेने आपल्यावर विश्वास ठेवला. बागमालकाने विश्वास ठेवावा म्हणून धंद्याचीही पंचसूत्री हवी. मी पाच गोष्टी मांडते. तुम्ही त्यात भर घाला, नाहीतर खोडून काढा.

पहिली गोष्ट : झाड कोणाचं, हे आधी विचारा.

ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्या गावात एका बागेला तीन भाऊ, दोन चुलते आणि सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव, हे काय नवीन आहे? गावात राहणारे काका म्हणतात, "ही फांदी काढा, माझ्या घरावर येते." तुम्ही काढता. गणपतीला चाकरमानी येतात आणि भांडण तुमच्या दारात येतं. म्हणून काम घेण्याआधी विचारायचं : काका, झाडात आणखी कोणाचा वाटा आहे का? त्यांच्याशी फोनवर बोलणं करून द्याल का? हा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, कारण समोरचा माणूस वयाने मोठा असतो. पण "आमच्या गटाचा नियम आहे हो काका" असं म्हटलं की राग गटावर जातो, तुमच्यावर येत नाही. नियमाचा हा एक मोठा उपयोग आहे.

बांधावरच्या झाडाचं तर दोन्ही शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय कामच घ्यायचं नाही. शेजाऱ्याच्या हद्दीतून आलेली फांदी अडचणीची आहे म्हणून एकाने बोलावलं, तरी दुसऱ्याला न सांगता कोयता काढायचा नाही.

याच्याच जोडीला कायदा. फांद्या छाटणं वेगळं आणि झाड तोडणं वेगळं. महाराष्ट्रात झाडं तोडण्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा १९६४ सालापासून आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, खैर ही झाडं त्याच्या यादीत येतात. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी यादीतलं झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. शहराच्या हद्दीतल्या झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे, म्हणून नगरपंचायत किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत फांद्या काढण्याआधीही कार्यालयात विचारून घ्यायचं. मालक म्हणेल, "माझं झाड, मी बघून घेईन, तुम्ही तोडा." आपण म्हणायचं, "परवानगीचा कागद दाखवा, उद्या येतो." कोयता आपल्या हातात असतो, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट : जेवढी गरज, तेवढंच काम.

वैद्याकडे गेल्यावर त्याने लागत नसलेलं इंजेक्शन टोचलं तर आपण काय म्हणतो? झाडाला तर बोलताही येत नाही. म्हणून बाग बघायला जाल तेव्हा हिशोब डोक्यात ठेवून बघू नका. आधी झाड बघा. काही झाडांना फक्त वाळलेल्या फांद्या आणि बांडगूळ काढलं की पुरतं. काहींना ऊन आत शिरेल एवढी मधली विरळणी लागते. काही झाडांना यंदा काहीच लागत नाही. तसं असेल तर "याला यंदा हात लावायला नको" असं सांगायचं. त्या दिवशी चारशे रुपये कमी मिळतील. पण पुढच्या वर्षी तो मालक शेजाऱ्याला तुमचं नाव सांगेल.

मालकच उलटं सांगतो तेव्हा काय करायचं? "अर्धं झाड उतरवून टाका, परत परत बोलवायला नको." इथे गप्प बसून काम करणं म्हणजे पैसे घेऊन नुकसान करणं. एका वेळेला हिरव्या पसाऱ्याच्या पाव भागापेक्षा जास्त काढू नये, असा साधारण नियम मानतात. झाडाचा शेंडा उडवून खुंट ठेवला की त्यातून भराभर कमकुवत फांद्या फुटतात, आणि पहिल्या वादळात त्याच मोडतात. जुन्या, दाटलेल्या बागेचं पुनरुज्जीवन करायचं असेल तर मोठी छाटणी करतात, हे खरं. पण ते काम कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विभागाच्या माणसाला बाग दाखवून, त्यांच्या सल्ल्याने करायचं. आपल्या अंदाजाने नाही.

आणि छाटायचंच तर नीट छाटायचं. मोठी फांदी एका घावात काढली तर ती स्वतःच्या वजनाने खाली येताना खोडाची साल सोलून नेते. म्हणून तीन घाव. पहिला घाव खोडापासून हात-दीड हात अंतरावर, खालच्या बाजूने, थोडाच. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, म्हणजे फांदी साल न ओढता खाली पडते. तिसरा घाव उरलेल्या खुंटावर, फांदी खोडाला मिळते तिथे जो फुगीर भाग असतो, त्याच्या लगेच बाहेर. तो फुगीर भाग कापायचा नाही, कारण जखम तिथूनच भरून येते. खुंटही लांब ठेवायचा नाही, तो कुजतो.

मोठ्या जखमेला बोर्डो पेस्ट लावायची. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. मोरचूद पाच लिटरमध्ये आणि चुना पाच लिटरमध्ये, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवायचे आणि मग एकत्र करायचे. लोखंडी भांडं वापरायचं नाही. तयार झाल्यावर स्वच्छ लोखंडी विळी किंवा खिळा त्यात बुडवून बघायचा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. पेस्ट त्याच दिवशी वापरायची. पेस्टचे पैसे घेतले असतील तर पेस्ट लागलीच पाहिजे. "उंचावर कोण बघणार?" असा विचार मनात आला की समजायचं, धंदा इथून बिघडायला लागला.

एक छोटी गोष्ट, पण सांगते. झाडावर घरटं आहे का, हे आधी बघा. पिल्लं असतील तर ती फांदी पंधरा दिवस राहू द्या. मालकाला सांगितलं तर बहुतेक जण हो म्हणतात.

तिसरी गोष्ट : ठरलेलं कागदावर, आणि लाकूडफाट्याचं आधी.

आपल्याकडे तोंडी बोलण्याचा मान आहे, तो असूच द्या. पण वहीचं पान लिहिल्याने मान कमी होत नाही. एका पानावर सात गोष्टी लिहायच्या : मालकाचं नाव, झाडं किती, कोणत्या झाडाला काय काम, दर, किती दिवस, पैसे कधी, आणि लाकूडफाटा कोणाचा. खाली मालकाची सही, गटाच्या अध्यक्षांची सही, तारीख. मालक मुंबईला असेल तर पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा आणि "ठीक आहे" असं उत्तर आल्यावरच काम सुरू करायचं.

सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात? पैशावरून कमी, फाट्यावरून जास्त. आपण सवयीने मोळी बांधतो. चूल आपलीही पेटायची असते. पण ठरलेलं नसेल तर छाटलेली काटकीसुद्धा मालकाची. गटाला फाटी हवी असेल तर आधी विचारून, मजुरीत धरून घ्यायची : "काका, फाटी आम्ही नेतो, दर तेवढा कमी लावतो." असं लिहिलं की मोळी ताठ मानेने नेता येते.

काम करताना काही बिघडलं, म्हणजे चुकीची फांदी उतरली, कौल फुटलं, खालचं कोकमाचं रोप मोडलं, तर मालकाला त्याच दिवशी सांगायचं. दुसऱ्याकडून कळलं तर त्यापुढचं आपलं एकही वाक्य त्याला खरं वाटणार नाही. कौलाचे पैसे गटाच्या खात्यातून द्यायचे, एकट्या बाईच्या मजुरीतून कापायचे नाहीत. नाहीतर पुढच्या वेळी ती लपवेल.

चौथी गोष्ट : औषधाच्या बाबतीत लोभ नको.

बागेला जाऊ लागलात की औषधाच्या दुकानाशी ओळख होते. एक दिवस दुकानदार म्हणेल, "ताई, तुमच्या बागांना हेच औषध लिहा, तुमचं काय ते बघतो." हा प्रश्न या धंद्यात येणारच आहे, म्हणून आज बोलून ठेवूया. मालकाने आपल्याला पैसे त्याच्या बागेचं भलं करायला दिलेत. दुकानदाराकडूनही गुपचूप पैसे घेतले, तर उद्या आपण सांगू ते औषध झाडासाठी आहे की आपल्यासाठी, हे आपल्यालाच सांगता येणार नाही. दुकानदार सूट देत असेल तर ती बिलावर दाखवायला सांगा. सूट मालकाची. बिल मालकाच्या नावाने.

दुसरं, कल्टार. शास्त्रीय नाव पॅक्लोब्युट्राझॉल. हापूसला दरवर्षी आणि लवकर मोहोर यावा म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात ते झाडाच्या बुंध्याभोवती मातीत देतात. ते खत नाही. त्याने झाडाची पालवीची वाढ रोखली जाते. म्हणून त्याची मात्रा झाडाच्या पसाऱ्याचा व्यास मोजून ठरवायची असते, आणि सोबत खतपाणी पुरेसं द्यावं लागतं. लहान, अशक्त, रोगट झाडाला ते द्यायचंच नाही. बाग दोन-चार वर्षांच्या कराराने घेणारा माणूस कधीकधी जास्त मात्रा ओततो, कारण त्याला पीक चार वर्षंच घ्यायचंय. झाड मात्र मालकाच्या नातवापर्यंत टिकायला हवं असतं. करारदाराने आपल्याला सांगितलं, "दुप्पट घाला, मालकाला कशाला सांगायचं?" तर आपलं उत्तर आज ठरवा. माझ्या मते ते काम सोडायचं. मजुरी कोणीही देवो, जमीन ज्याची आहे त्याच्यापासून लपवून त्याच्या मातीत काही टाकायचं नाही.

फवारणीचं काम घेतलंच, तर डब्यावरचं लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. वाचता येणारी सदस्य मोठ्याने वाचेल, बाकीच्या ऐकतील. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारलं तर परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात आणि फळधारणेलाच मार बसतो. फवारणीनंतर किती दिवस फळ काढायचं नाही हे मालकाला लिहून द्यायचं, कारण ते फळ कोणाचं तरी मूल खाणार आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी या कामाला यायचं नाही, आणि त्यांना त्या दिवशी दुसरं काम द्यायचं, घरी बसवायचं नाही. रिकामा डबा घरी पाणी भरायला आणायचा नाही, कितीही चांगला दिसला तरी.

पाचवी गोष्ट : आपल्या बाईचा जीव आणि आपल्या बाईची मजुरी.

मालकाशी प्रामाणिक राहायचं आणि आपल्यातल्याच बाईला वाऱ्यावर सोडायचं, असं चालणार नाही. हातभर रुंदीच्या फांदीवर उभं राहून कोयता चालवणं जिवावरचं काम आहे. म्हणून काही नियम नावाला नाही, खरे पाळायचे. पाऊस पडत असताना, साल ओली असताना, वारा सुटला असताना वर कोणी जायचं नाही. चढणाऱ्याच्या कमरेला दोर, डोक्यावर हेल्मेट. खाली एकजण फक्त लक्ष ठेवायला, तिने फाटी गोळा करायची नाही. झाडाखाली मुलं आणि गुरं नकोत. विजेच्या तारेजवळची फांदी आपण काढायची नाही. महावितरणला कळवून, लाइन बंद झाल्याची खात्री केल्यावरच त्या झाडाकडे जायचं. मालक घाई करतो म्हणून नाही, आणि सरपंच सांगतात म्हणूनही नाही.

विम्याचं एक काम या आठवड्यात करा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला फक्त २० रुपये खात्यातून जातात. १८ ते ७० वयाच्या कोणालाही घेता येतो. अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. झाडावर चढणाऱ्या आणि खाली उभ्या राहणाऱ्या सगळ्यांचा विमा चालू आहे का, हे सचिवांनी पासबुकात बघून घ्या. हप्ता गेला नसेल तर आधी बँक, मग बाग.

मजुरीबद्दल. चढायला गावातला गडी लावला तर तो दुप्पट मागतो, आणि दिवसभर खाली वाकून आळी करणाऱ्या बाईला आपणच निम्मे देतो. चढण्याच्या धोक्याचे वेगळे पैसे द्यायला हरकत नाही, ते उघड लिहा. पण जमिनीवरचं काम सारखं असेल तर बाई आणि पुरुष यांची मजुरी सारखीच. आपणच आपल्या बाईला कमी लेखलं, तर मालकाकडे कोणत्या तोंडाने दर मागायचा? दिवसाची मजुरी त्या दिवशी वहीत चढली पाहिजे, आणि काम झाल्यावर हिशोब बैठकीत मोठ्याने वाचला पाहिजे. अध्यक्षांच्या घरी नाही, बैठकीत.

दोन गटांमधलंही बोलायला हवं. एका गटाने झाडामागे दर सांगितला की दुसरा गट दहा रुपये कमी सांगतो, तिसरा आणखी कमी. शेवटी ज्याला काम मिळतं त्याला पेस्ट परवडत नाही, दोर परवडत नाही, आणि बाई दोराशिवाय वर चढते. स्वस्त दराची किंमत अशी कोणीतरी चुकवतं. म्हणून प्रभागसंघात बसून दर एकत्र ठरवूया. दुसऱ्या गटाने केलेल्या छाटणीला मालकासमोर नावं ठेवायची नाहीत. काही चुकलेलं दिसलं तर त्या गटाच्या अध्यक्षांना सांगा. आणि आपल्याला न जमणारं काम असेल तर ज्याला जमतं त्याचं नाव सांगा. "आम्हाला हे येत नाही" हे वाक्य म्हणायला लाज नाही.

तुमच्यातल्या काही जणींच्या मनात आता येत असेल, "ताई, एवढं सगळं पाळायचं तर धंदा कधी करायचा?" प्रश्न बरोबर आहे. सुरुवातीला वेळ जातो. पण आठवा, गट सुरू झाला तेव्हा दर बैठकीला वही लिहायलाही कंटाळा यायचा. आज तीच वही दाखवून बँकेकडून कर्ज मिळतं. बागेच्या धंद्यातही तीच वही आपली साक्षीदार असेल.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने तीन कामं करायची. या पाच गोष्टी वाचून, आपल्या गावाला लागू पडतील अशा बदलून, ठराव म्हणून इतिवृत्तात लिहायच्या आणि सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्यायचे. सात मुद्द्यांच्या कामाच्या पानाच्या दहा प्रती काढून ठेवायच्या. आणि दोर, हेल्मेट, करवत, पेस्टच्या बादल्या या सामानाला किती खर्च येतो ते दुकानात विचारून यायचं, म्हणजे अंतर्गत कर्जातून किती घ्यायचं हे ठरवता येईल. सामान आल्याशिवाय पहिलं काम घ्यायचं नाही.

माझं काही चुकत असेल, झाडाबद्दल तर नक्कीच तुम्हाला जास्त कळतं, तर आत्ताच बोला. दर ठरवायला प्रभागसंघाच्या पुढच्या सभेत अर्धा तास राखून ठेवलाय. बागेत काम करणाऱ्या बाईलाच पाठवा, फक्त पदाधिकारी नकोत. झाडाखाली दिवसभर उभी असते तिलाच खरा दर माहीत असतो.